इजिप्त: दडपशाही, तहरीर आणि पुढच्या उठावाची शक्यता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अरब जगाबद्दल कुठंही बोलायला गेलो की शेवटी प्रश्न इजिप्तवरच येऊन थांबतात. व्याख्यान संपल्यावर हातात आलेल्या चिठ्ठ्या आणि नंतर मेलवर आलेले प्रश्न, यांतले पुन्हा पुन्हा विचारले गेलेले इथं एकत्र केले आहेत. दोन उत्तरांचा विषय एकमेकांत शिरतो तिथं दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सीसी निवडून आलेले आहेत ना? मग त्यांना हुकूमशहा का म्हणता?

मतदान होतं, निवड होत नाही. राष्ट्राध्यक्ष अब्देल फत्ताह अल-सीसी यांना २०१४ मध्ये सुमारे ९७ टक्के मतं पडली, २०१८ मध्येही तितकीच आणि डिसेंबर २०२३ मध्ये ८९.६ टक्के. २०१८ ची निवडणूक नीट पाहा. माजी लष्करप्रमुख सामी अनान यांनी उमेदवारी जाहीर केली आणि काही दिवसांत त्यांना अटक झाली. इतर दमदार उमेदवारांनी एकेक करून माघार घेतली. अगदी शेवटच्या घडीला ज्यांनी अर्ज भरला ते मूसा मुस्तफा मूसा त्याआधी सीसींचाच प्रचार करत होते. निकाल लागला तेव्हा मूसा यांच्यापेक्षा बाद मतं कितीतरी जास्त निघाली, १७ लाखांहून अधिक. बोलायची सोय नसलेल्या लोकांनी मतपत्रिका खराब करून आपलं म्हणणं मांडलं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

२०१९ मध्ये घटना बदलून मुदत चार वर्षांची सहा केली आणि सीसींना २०३० पर्यंत सत्तेत राहण्याची वाट मोकळी करून दिली. २०२३ मध्ये अहमद तंतावी यांनी आव्हान द्यायचा प्रयत्न केला. पुढं त्यांना समर्थनाचे अर्ज परवानगीशिवाय वाटल्याच्या आरोपाखाली एक वर्षाची शिक्षा झाली आणि पाच वर्षं निवडणूकबंदीही.

२. २०११ ते २०१३ मध्ये नेमकं काय झालं?

जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात खालिद सईद या २८ वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी इंटरनेट कॅफेतून ओढून बाहेर काढलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. त्याच्या ठेचलेल्या चेहऱ्याचा फोटो घरोघरी पोचला. २५ जानेवारी २०११ हा पोलीस दिन. नेमक्या त्याच दिवशी लोक रस्त्यावर उतरले, कैरोच्या तहरीर चौकात जमले, १८ दिवस मागे हटले नाहीत आणि ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारक यांची ३० वर्षांची राजवट संपली. सरकारी सत्यशोधन समितीनं त्या १८ दिवसांतले मृत मोजले ते किमान ८४६.

जून २०१२ मध्ये मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी राजकीय संघटनेचे मोहम्मद मोर्सी ५१.७ टक्के मतांनी निवडून आले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपले आदेश न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारं फर्मान काढलं आणि तहरीरमधले अर्धे साथीदार त्यांच्याविरुद्ध गेले. ३० जून २०१३ ला प्रचंड मोर्चे निघाले, ३ जुलैला लष्करानं मोर्सींना काढलं. तेव्हा संरक्षणमंत्री होते सीसी. १४ ऑगस्टला राबा अल-अदविया चौकात मोर्सी समर्थकांचं धरणं मोडलं गेलं. ह्यूमन राइट्स वॉचच्या मोजणीनुसार त्या एका दिवसात, त्या एका चौकात किमान ८१७ माणसं मेली. या हत्याकांडासाठी आजवर एकाही अधिकाऱ्याला शिक्षा झालेली नाही. तिथं फोटो काढणारा छायाचित्रकार मात्र पाच वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता.

३. ‘इन्किलाब’ म्हणजे क्रांतीच ना? मग त्या शब्दावरून इजिप्शियन लोक का भांडतात?

हा प्रश्न फक्त भारतातच पडू शकतो. ‘इन्किलाब जिंदाबाद’मुळे आपल्या कानाला तो क्रांतीचा शब्द वाटतो. इजिप्तच्या अरबीत ‘इन्किलाब’ म्हणजे लष्करानं उलथवलेली सत्ता. क्रांतीला तिथं ‘सौरा’ म्हणतात. त्यामुळं २०१३ बद्दल बोलताना माणूस यांतला कुठला शब्द वापरतो, त्यावरून तो कुणाच्या बाजूचा आहे ते कळतं. सरकारी भाषेत ती सौराच आहे. चारचौघांत तिला ‘इन्किलाब’ म्हणणं अंगाशी येऊ शकतं.

४. दडपशाही रोज कशी चालते? दर वेळी गोळीबार होतो का?

नाही. गोळीची गरज क्वचितच पडते, बहुतेक काम कागदावर होतं. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहाटे दार वाजतं. माणसाला नेतात आणि काही दिवस, कधी काही आठवडे, तो कुठं आहे हे घरच्यांना कुणी सांगत नाही. मग तो राज्य सुरक्षा अभियोक्त्यांसमोर उभा राहतो. आरोप जवळपास ठरलेले असतात: दहशतवादी गटात सामील होणं, खोट्या बातम्या पसरवणं, समाजमाध्यमांचा गैरवापर. पंधरा दिवसांची कोठडी, मग पुन्हा पंधरा. पाच महिन्यांनंतर न्यायाधीशांसमोर ४५-४५ दिवसांच्या तारखा. खटला उभाच राहत नाही, फक्त कोठडी वाढते. अशा कच्च्या कैदेला कायद्यानं दोन वर्षांची मर्यादा आहे. ती भरत आली की सुटकेचा आदेश निघतो आणि माणूस तुरुंगाच्या दारातून बाहेर पडायच्या आत त्याच्यावर नवा गुन्हा नोंदवला जातो. आरोप तेच, गुन्ह्याचा क्रमांक तेवढा नवा. दोन वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यावर. वकील याला ‘तद्वीर’ म्हणतात. तद्वीर म्हणजे फिरवणं, गोल गोल फिरवत ठेवणं.

यात घरही कैदेत जातं. न्यायाची वाट पाहणाऱ्या कैद्याला पांढरे कपडे, शिक्षा झालेल्याला निळे, फाशीच्या कैद्याला लाल. म्हणून आया आणि बायका बाजारात पांढरे सदरे शोधत फिरतात, एकही रंगीत दोरा नसलेले. भेटीच्या दिवशी ते सदरे, औषधांच्या पट्ट्या, घरचं जेवण असं पिशवीत भरून पहाटेपासून तुरुंगाबाहेर रांगेत उभं राहायचं. आत काय जाईल, काय परत येईल, हे दारावरचा शिपाई ठरवणार. कुणी दोन वर्षं असं केलं की शेजारच्या दहा घरांना न सांगता धडा मिळतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मार एकाला बसतो, तोंडं शंभरांची दाबली जातात.

५. आणीबाणी तर २०२१ मध्ये उठवली. मग अडचण काय?

ऑक्टोबर २०२१ मध्ये ती खरंच उठवली. पण तोवर तिचे अधिकार साध्या कायद्यांत मुरवून झाले होते. नोव्हेंबर २०१३ च्या निदर्शन कायद्यानुसार दहाहून जास्त माणसांच्या सार्वजनिक सभेची आगाऊ सूचना द्यावी लागते आणि गृहखातं ती अडवू शकतं. २०१४ च्या फर्मानानं सार्वजनिक मालमत्तेशी संबंधित गुन्हे लष्करी न्यायालयांकडे गेले. २०१५ च्या दहशतवादविरोधी कायद्यातली दहशतवादाची व्याख्या इतकी सैल आहे की तीत फेसबुकवरची नोंदही बसते.

त्याहून जुना आहे १९१४ चा जमावबंदी कायदा. ब्रिटिशांनी केलेला, पाच माणसांच्या जमावावर लागू होणारा. आपल्याकडे जमावबंदीत ‘पाच किंवा अधिक’ हे शब्द ऐकलेल्यांना त्याचं कूळ सांगायला नको. या कायद्याखाली शेकडो लोकांना शिक्षा झाल्या. २०१७ मध्ये कैरोच्या एका मानवी हक्क संस्थेनं कागदपत्रांनिशी दाखवून दिलं की इजिप्तच्या संसदेनं तो १९२८ मध्येच रद्द केला होता. रद्द केल्याचं राजपत्रात छापलं गेलं नाही, एवढंच. तरीही तो वापरात राहिला.

६. म्हणजे आपल्या १९७५ च्या आणीबाणीसारखंच?

वयस्कर वाचक हे हमखास विचारतात. त्यांच्यातल्या काहींनी मिसाखाली येरवड्यात किंवा नाशिकला महिने काढलेले असतात, म्हणून उत्तर जपून देतो. विनाखटला कैद, वर्तमानपत्रांवर बंधनं, दबलेली न्यायालयं, हे साम्य खरं आहे. फरक लांबीत आहे आणि बाहेर पडायच्या दारात आहे. आपली आणीबाणी २१ महिने चालली आणि तिच्या शेवटी सत्ताधारी हरू शकतील अशी निवडणूक झाली. इजिप्तमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांच्या हत्येनंतर, ऑक्टोबर १९८१ मध्ये लागलेली आणीबाणी मे २०१२ पर्यंत चालली. तिशी गाठलेल्या माणसानं दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं.

१९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलू शकल्या. अटक नंतर झाली. कैरोत आज तसं व्यासपीठ भरतच नाही.

७. राजकीय कैदी किती आहेत?

सरकार म्हणतं, एकही नाही. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकी टीव्हीवरच्या मुलाखतीत सीसींनी हेच सांगितलं आणि नंतर इजिप्तच्या दूतावासानं ती मुलाखत दाखवू नये म्हणून प्रयत्न केले. २०१६ मध्ये कैरोतल्या एका हक्क संस्थेनं अंदाज बांधला होता तो ६०,००० चा. तो आकडा आजही सगळीकडे फिरतो, म्हणून तो जुना आहे हे लक्षात ठेवा. त्या संस्थेनं छळाला कंटाळून जानेवारी २०२२ मध्ये काम बंद केलं. मोजणारेच उरले नाहीत की आकडाही उरत नाही.

८. अला अब्देल फत्ताह यांचं नाव सारखं येतं. ते कोण?

ब्लॉग लिहिणारे, संगणकात रमणारे, २०११ च्या पिढीतले सर्वांत ओळखीचे आवाज. पण त्यांची गोष्ट एका घराची आहे. वडील अहमद सैफ अल-इस्लाम यांनी १९८० च्या दशकात तुरुंगात छळ सोसला, आत असतानाच कायद्याचा अभ्यास केला आणि बाहेर येऊन आयुष्यभर कैद्यांचे खटले लढले. ऑगस्ट २०१४ मध्ये ते वारले तेव्हा मुलगा अला आणि धाकटी मुलगी सना दोघंही तुरुंगात होते. २०११ च्या शेवटी अला कोठडीत असताना त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं खालिद, खालिद सईदच्या आठवणीत.

अला २०१४ नंतरचा जवळपास सगळा काळ आत होते. शेवटची पाच वर्षांची शिक्षा ‘खोटी बातमी पसरवल्या’बद्दल, म्हणजे तुरुंगातल्या छळाबद्दलची एक पोस्ट पुढं पाठवल्याबद्दल. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या अटकेला पाच वर्षं पुरी झाली, पण कच्च्या कैदेचा काळ शिक्षेत धरायला सरकारनं नकार दिला. तेव्हा त्यांच्या आई लैला सुवैफ यांनी उपोषण सुरू केलं. कैरो विद्यापीठात गणित शिकवणारी, सत्तरीच्या उंबरठ्यावरची बाई, आठ महिन्यांहून जास्त काळ उपाशी किंवा अर्धपोटी, लंडनच्या रुग्णालयात. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली आणि अला घरी आले.

याला सरकार नरमल्याची खूण म्हणावी का, असं लगेच विचारलं जातं. मी म्हणत नाही. माफी ही देणाऱ्याची मर्जी असते. ज्या कायद्यानं अला आत गेले तो तसाच आहे आणि ज्यांची नावं जगाला माहीत नाहीत ते प्रश्न ४ मधल्या चक्रातच आहेत.

९. महागाईनं कंबरडं मोडलं, तरी लोक रस्त्यावर का येत नाहीत?

कारण रस्त्यावर येण्याची किंमत त्यांना माहीत आहे. पण आधी महागाईची खोली पाहू. २०१६ च्या सुरुवातीला डॉलरला नऊच्या आत असलेला इजिप्तचा पौंड मार्च २०२४ नंतर पन्नासच्या आसपास गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये महागाईचा दर ३८ टक्क्यांवर होता. मांस तर बऱ्याच घरांत सणापुरतं उरलं.

इजिप्तमध्ये भाकरीला ‘एश’ म्हणतात. मूळ अरबी अर्थ जगणं. त्याच शब्दाची आपल्याकडे ‘ऐश’ झाली आणि अर्थ चैनीचा झाला. कैरोच्या कुठल्याही जुन्या वस्तीत सकाळी सरकारी भट्टीपुढं रांग असते. कार्ड यंत्रात घालायचं, माणशी दिवसाला पाच भाकऱ्या घ्यायच्या, फुगलेल्या, कोंडा लागलेल्या. काही जण त्या तिथंच, उभ्या गाडीच्या टपावर पसरून गार करतात, नाहीतर पिशवीत घामेजून चिकटतात. या भाकरीची किंमत तीसहून अधिक वर्षं पाच पियास्टर (शंभर पियास्टरचा एक पौंड) होती. १ जून २०२४ ला ती वीस झाली, चौपट.

१९७७ च्या जानेवारीत सादात यांनी भाकरीवरचं अनुदान कापलं तेव्हा दोन दिवस देश पेटला, सत्तरहून अधिक माणसं मेली आणि सादात यांना निर्णय मागं घ्यावा लागला. २०२४ मध्ये काहीच घडलं नाही. लोकांना राग आला नाही असं समजू नका. २०१९ च्या सप्टेंबरात स्पेनमध्ये राहणाऱ्या एका बांधकाम कंत्राटदाराच्या व्हिडिओंमुळं काही शहरांत छोटे मोर्चे निघाले होते. थोड्या दिवसांत ४,००० हून जास्त लोकांना उचललं. त्यात रस्त्यानं नुसते जाणारेही होते.

दुसरं कारण शेजार. सीरिया आणि लिबियाचं काय झालं हे प्रत्येक घरानं टीव्हीवर पाहिलं. ‘निदान आपल्याकडे तसं नाही’ हे वाक्य मी कैरोत चिडलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, समर्थकांच्या नव्हे.

तिसरं, संघटनाच उरलेली नाही. पक्ष मोडले, विद्यार्थी संघ ताब्यात घेतले. पोलिसांशी दोन हात करायला शिकलेले फुटबॉलच्या कट्टर चाहत्यांचे ‘अल्ट्राज’ गट २०१८ मध्ये विसर्जित झाले. अपवाद कामगारांचा. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं महल्ला अल-कुब्रा हे कापड गिरण्यांचं गाव. २०११ ची पायाभरणी तिथल्या २००६ आणि २००८ च्या लढ्यांनी केली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये किमान वेतनासाठी तिथं पुन्हा काम थांबलं. गिरणगाव पाहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

१०. २०११ सारखं लष्कर लोकांच्या बाजूनं उभं राहील का?

सगळ्या प्रश्नांची किल्ली इथं आहे. २०११ मध्ये लष्कर लोकांच्या बाजूनं नव्हतं, ते मुबारक यांच्या बाजूनं राहिलं नाही. मुबारक आपला मुलगा गमाल याला पुढं आणत होते. गमालभोवती उद्योगपतींचा गोतावळा होता आणि सेनापतींना तो खपत नव्हता. राष्ट्राध्यक्ष आणि लष्कर यांच्यात फट होती, तहरीर त्या फटीतून आत शिरलं. ‘लष्कर आणि जनता एक हात’ ही घोषणा आठ महिने टिकली. ऑक्टोबर २०११ मध्ये कैरोत मास्पेरो या सरकारी टीव्हीच्या इमारतीजवळ लष्कराच्या गाड्या कॉप्टिक ख्रिश्चन निदर्शकांच्या अंगावर गेल्या आणि दोन डझनांहून जास्त माणसं मेली.

सीसींनी ती फट बुजवली आहे. ते स्वतः लष्करातले, लष्करी गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख. लष्कराच्या कंपन्या पास्ता आणि बाटलीबंद पाणी विकतात, पेट्रोलपंप चालवतात, रस्ते आणि शहरं बांधतात. राजवट पडली तर सेनापतींचा पगार, पंप आणि जमीनही धोक्यात येते. वरिष्ठ अधिकाऱ्यांवर खटला भरणं अवघड करणारा कायदाही २०१८ मध्ये झाला. म्हणून रस्त्यावरच्या गर्दीपेक्षा मी बराकींकडे जास्त लक्ष देतो. पैसा आटला आणि वाटणीवरून वरच्या लोकांत वाद लागले, तर फट पुन्हा पडेल. २०२४ मध्ये रास अल-हिक्माचा समुद्रकिनारा विकसित करण्यासाठी अमिरातीनं ३५ अब्ज डॉलरचा करार केला आणि नाणेनिधीनं कर्ज आठ अब्जांपर्यंत वाढवलं, तेव्हा बुजवायचं सामान बाहेरून आलं.

११. तहरीर चौक आता कसा आहे?

नीटनेटका. मध्यभागी सान अल-हगरहून आणलेला प्राचीन स्तंभ, भोवती कर्नाकहून आणलेले मेंढ्याच्या तोंडाचे चार स्फिंक्स. रात्री सुंदर रोषणाई असते. बसायला जाल तर गणवेशातला रक्षक येतो. २८ जानेवारी २०११ ला जळालेली सत्ताधारी पक्षाची इमारत पाडली. मंत्रालयं शहराबाहेर वाळवंटात, सुमारे ४५ किलोमीटरवरच्या नव्या प्रशासकीय राजधानीत गेली. आता तहरीर भरलं तरी ज्यांच्या कानावर घोषणा पडाव्यात ते तिथं नाहीत.

याच चौकाकडे २४ जानेवारी २०१५ ला काही लोक फुलं घेऊन निघाले होते, २०११ च्या मृतांसाठी. तलात हर्ब चौकाजवळ पोलिसांनी छऱ्यांची बंदूक चालवली आणि शैमा अल-सब्बाग ही ३१ वर्षांची कवयित्री, लहान मुलाची आई, साथीदाराच्या मिठीत कोसळली. तो क्षण कॅमेऱ्यात पकडला गेला, त्यामुळं एका अधिकाऱ्याला शिक्षा झाली. पण ज्या वकील बाई साक्ष द्यायला गेल्या, त्यांच्यावरच बेकायदा निदर्शनाचा गुन्हा लागला. पुढं त्या निर्दोष सुटल्या.

१२. मग उठाव होणार की नाही? सरळ सांगा.

लवकर होईल असं मला वाटत नाही. कारणं प्रश्न ९ आणि १० मध्ये आली. पण माझ्यासकट कुणाच्याही भाकितावर फार विसंबू नका. २५ जानेवारी २०११ ला, मोर्चे सुरू झाल्यावर, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी इजिप्तचं सरकार स्थिर असल्याचं म्हटलं होतं. अठराव्या दिवशी ते पडलं. भीतीच्या राजवटीत लोक खरं बोलत नाहीत, त्यामुळं राग किती साचलाय हे राजवटीलाही कळत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझासाठी मोर्चे काढायला सरकारनंच परवानगी दिली. ठरवून दिलेल्या जागा सोडून काही तरुण थेट तहरीरमध्ये शिरले, आणि धरपकड झाली. २०११ मध्ये ती मुलं शाळेत होती. तिकडचा रस्ता त्यांना कुणीतरी सांगितला असणार.

१३. सीसी गेले तर ब्रदरहूड येईल, मग हेच बरं नाही का?

हा युक्तिवाद मुबारक यांनीही तीस वर्षं विकला. मोर्सींच्या एका वर्षातल्या चुका मोठ्या होत्या, त्यांच्या काळात कॉप्ट लोकांना वाटलेली भीती खोटी नव्हती. पण सीसींच्या तुरुंगात फक्त ब्रदरहूडवाले नाहीत. डावे आहेत, वकील, पत्रकार आणि कवी आहेत. जानेवारी २०१४ मध्ये ‘छळमुक्त देश’ असं लिहिलेला टीशर्ट घातला म्हणून १८ वर्षांच्या एका विद्यार्थ्याला पकडलं आणि दोन वर्षांहून जास्त ठेवलं. तो कुठल्या ब्रदरहूडचा? मधल्या सगळ्या आवाजांना आत टाकलं की बाहेर दोनच पर्याय दिसतात. ते दोनच का दिसतात, हे आधी विचारायला हवं.

१४. भारत यावर काही बोलतो का?

जाहीरपणे नाही. २०२३ च्या प्रजासत्ताक दिनाला सीसी प्रमुख पाहुणे होते, त्याच जूनमध्ये आपल्या पंतप्रधानांना कैरोत ‘ऑर्डर ऑफ द नाईल’ हा सन्मान मिळाला. सुएझ कालवा आणि व्यापार पाहता संबंध हवेतच. मैत्रीत एखाद्या कैद्याचं नाव घेता येतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

१५. आम्ही सहलीला जातोय. लोकांशी यावर बोललं तर चालेल का?

पिरॅमिड, लक्सर, अस्वान इथं पर्यटकाला सहसा काही त्रास होत नाही. पोलीस, लष्करी गाड्या, चौक्या, पूल यांचे फोटो काढू नका. ड्रोन नेऊच नका, परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. २५ जानेवारीच्या आसपास मध्य कैरोत वाटसरूंना थांबवून फोन तपासले गेले आहेत. परदेशी असणं हे कवच आहे असंही धरू नका. जुलियो रेजेनी हा २८ वर्षांचा इटालियन संशोधक फेरीवाल्यांच्या संघटनांचा अभ्यास करत होता. २५ जानेवारी २०१६ ला तो नाहीसा झाला, ३ फेब्रुवारीला रस्त्याकडेला मृतदेह सापडला, अंगभर छळाच्या खुणा होत्या.

आणि टॅक्सीवाल्याला, गाइडला, हॉटेलातल्या पोऱ्याला सीसींबद्दल छेडू नका. तुम्ही आठवड्यानं विमानात बसाल, तो तिथंच राहणार आहे. त्यानं आपणहून काही सांगितलं तर ऐका. त्याचं नाव, गाडीचा नंबर, फोटो, यातलं काहीही इन्स्टाग्रामवर जाऊ देऊ नका, घरी परतल्यावरसुद्धा.